कढीपत्त्याची झोप

आईने पहिल्याच आठवड्यात माझी झारी लपवली. विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत? तुमच्या घरात एवढ्या वस्तू, असेल कुठेतरी." महिन्याभराने ती कपडे वाळवायच्या मशीनमागे सापडली, पण तोवर आमचं भांडण बरंच पुढे गेलं होतं.

भांडण कढीपत्त्यावरून. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात चौदा कुंड्या आहेत, पण बाकीच्या तेरांवरून कुणी आवाज चढवत नाही. कढीपत्त्याची गोष्ट वेगळी. तो भारतातून आणता येत नाही, त्याची पानंसुद्धा नाहीत. हे झाड लिंबू-संत्र्याच्या कुळातलं. त्या कुळाच्या बागाच्या बागा उद्ध्वस्त करणारा एक रोग आहे, आणि तो पसरवणारा बारीक किडा कढीपत्त्यावर खुशाल राहतो. म्हणून विमानतळावर बॅगेतली जुडी काढून घेतात. माझं झाड एका तमिळ शेजारणीने दिलेल्या फुटव्याचं. सहा वर्षांत माझ्या खांद्याला आलं. सप्टेंबरच्या शेवटी, रात्रीचा पारा 10 अंशांखाली जायच्या आत त्याला बाल्कनीतून घरात घ्यायचं आणि मेच्या मध्यावर परत बाहेर काढायचं. मधल्या साडेसात महिन्यांचं काय, हा प्रश्न.

आई निफाडची, घरची द्राक्षबाग. ऑक्टोबरची छाटणी उरकून, बाग भावावर सोपवून ती नोव्हेंबरात आली, तेव्हा झाडाची निम्मी पानं पिवळी पडून गळली होती. डिसेंबरच्या मध्यावर उरलेलीही गेली. कुंडीत नुसत्या करड्या काटक्या.

"मेलं," मी म्हणाले.

"झोपलंय. तूच त्याला झोपू देत नाहीयेस. पाणी कधी घालतेस?"

"दर बुधवारी आणि रविवारी. फोनवर आठवण लावलीय."

"फोनला काय कळतं कुंडीतलं?"

"अगं, नियमितपणा नको का?"

"नियम कुणाचा, तुझा की झाडाचा? पानं होती तेव्हा ती पाणी खेचत होती. आता पान नाही म्हणजे मोटार बंद. मोटार बंद आणि तू विहिरीत पाणी सोडतेयस. जाणार कुठे ते?"

मी म्हटलं की घरात थंडी नाहीच मुळी. हीटर दिवसरात्र चालू, खोली कायम 20-21 अंशांवर. बाहेर उणे 15 असेल, पण कढीपत्त्याला ते कळायचं कारण नाही. त्याला वाटत असेल फेब्रुवारी-मार्च चाललाय.

आईने खिडकीबाहेर पाहिलं. साडेचार वाजले होते आणि पार्किंगमधले दिवे लागले होते.

"मार्चात साडेचारला अंधार पडतो?"

तिथे मी अडकले, कारण तेच खरं होतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शिकागोचा दिवस जेमतेम 9 तासांचा असतो. निफाडचा सगळ्यात लहान दिवसही पावणेअकराच्या पुढे भरतो. शिवाय इथला सूर्य भर दुपारी क्षितिजापासून पंचवीस अंश वर येतो आणि घराघरांच्या छपरांमागून निघून जातो. निफाडला त्याच दिवशी तो सेहेचाळीस अंशांवर असतो. मी फोनवर उजेड मोजायचं ॲप उतरवून घेतलं आणि ढगाळ दुपारी घरभर फिरले. काचेला टेकून फोन धरला तर 3000 लक्स, दोन पावलं मागे कढीपत्त्याच्या शेंड्यापाशी 600, सोफ्याजवळ 200. आपल्या डोळ्यांना तिन्ही जागा सारख्याच उजेडाच्या वाटतात. डोळा फार समजूतदार असतो. पानाचं तसं नाही, त्याला उजेडावर पोट भरायचं असतं.

"म्हणजे ऊब मार्चची आणि ऊन पौषाचं," आई म्हणाली. "उबेमुळे झाड जागं राहतं, श्वास घेतं, साठवलेलं खातं. उजेड नाही म्हणून नवीन काही रांधत नाही. बसल्या जागी उपाशी."

"तेच तर! म्हणून उजेड वाढवायचा. मी दिवा लावलाय ना."

"नाहीतर ऊब कमी करायची."

सगळ्या वादाचं मूळ हे एवढंच. दोघींना दिसत होतं ते एकच: ऊब आणि उजेड यांचा मेळ बसत नाही. मला उजेड उबेपर्यंत चढवायचा होता, तिला ऊब उजेडापर्यंत उतरवायची होती. तिच्या मते झाड जिन्यातल्या खिडकीत ठेवावं. तिथे हीटर नाही, 12 अंशांच्या आसपास असतं, तोंड दक्षिणेला. पंधरवड्यातून वाटीभर पाणी, खत अजिबात नाही, कौतुक नाही.

मला ते निष्ठुर वाटलं. आपण त्याला त्याच्या मुलखातून उचलून आणायचं आणि वर सांगायचं, आता इथल्या थंडीत झोप? कढीपत्त्याच्या सात पिढ्यांत कुणी बर्फ पाहिला नसेल. आणलं आहे तर त्याच्या गावचं हवामान पुरवणं ही आपली जबाबदारी.

"आणि आई, झोपेवर तुम्ही द्राक्षवाल्यांनी बोलूच नये," मी म्हटलं. हा हुकमी पत्ता मी दोन दिवस जपून ठेवला होता. "द्राक्षाच्या मूळ मुलखात वेल हिवाळाभर निष्पर्ण असतो, पार काष्ठ. तुम्ही त्याला झोपू देता? एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि डोळे फुटावेत म्हणून वर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट. झोपलेल्याच्या डोळ्यांना औषध लावून उठवता की! थंडी पडली की पहाटे बागेत शेकोट्या पेटवता, बोअरचं कोमट पाणी सोडता. दादांनी रात्री जागवल्यात बागेत. आणि मी एक दिवा लावला तर माझे लाड?"

आई हसली. निफाडची थंडी म्हणजे काय हे नाशिककडच्या माणसाला सांगावं लागत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर आला की तो आकडा पेपरात येतो, आणि तो वाचून बागाईतदाराच्या पोटात गोळा येतो. मण्यांची फुगवण थांबते, तडे जातात, वर्षाचा हिशेब एका पहाटेत बदलतो.

"ते पोटासाठी," ती म्हणाली. मग थोडा वेळ भाजी निवडत राहिली. "आणि एक लक्षात घे. आम्ही वेलाला उठवतो ते उन्हात उठवतो. ऑक्टोबरचं ऊन असतं, समोर चार महिने निरभ्र आभाळ असतं. उठवलं तर त्याला खायला आहे. तू मध्यरात्री उठवून बसवलंयस आणि ताट रिकामं."

"ताट भरायला दिवा आहे."

"तो? वाचायचा दिवा तो."

इथे मात्र तिचं चुकत होतं. बाराशे रुपयांत मिळणाऱ्या जांभळ्या उजेडाच्या खेळण्यांबद्दल ती बोलली असती तर मी मान डोलावली असती. माझा दिवा पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्यांचा, शेंड्यापासून वीतभर वर टांगलेला, रोज 14 तास चालू. त्याच्याखाली मोजलं तर 12,000 लक्स. वीतभर अंतर सोडून हातभर केलं तर आकडा झरकन उतरतो, आणि बहुतेक घरांत हे दिवे छताला लटकवलेले असतात. तिथून झाडाला काय मिळतं? चांदणं. दिवा घेताना लोक वॅट विचारतात, अंतर कुणी विचारत नाही. तुळस ह्याच दिव्याखाली होती आणि डिसेंबरात नवी पानं काढत होती. आईने ते पाहिलं. मान्य केलं नाही, पण रोज सकाळी त्यातलं एक पान चहात टाकू लागली.

दिव्याचा दुसरा खटला मात्र मी साफ हरले. कढीपत्त्याशेजारी माझा ख्रिसमस कॅक्टस होता. नावाप्रमाणे त्याने डिसेंबरात फुलावं, तर दोन वर्षं एक कळी नाही. मी खत बदललं, माती बदलली.

"दिवा किती वाजता बंद होतो?" आईने विचारलं.

"रात्री दहाला. आपोआप."

"मग कसा फुलेल? आमच्याकडे शेवंतीवाले रात्री शेतात बल्ब लावतात ते कशाला? फूल लवकर येऊ नये म्हणून. दांडा लांब झाला की बल्ब काढतात, मग कळी धरते. रात्र मोठी झाली हे झाडाला कळायला नको?"

"ड्रॅगन फ्रूटवाले फळ यावं म्हणून हिवाळ्यात बल्ब लावतात," मी म्हटलं.

"लावतात. त्याला लहान रात्र लागते. झाड कुठलं ते बघून बल्ब लावायचा, हौस आली म्हणून नाही."

कॅक्टस तिने उचलून स्वतःच्या खोलीत नेला. तिथे संध्याकाळनंतर दिवा लागत नसे. ती साडेआठला झोपते आणि तोवर स्वयंपाकघरात असते. संक्रांतीच्या सुमारास फांद्यांच्या टोकांना गुलाबी ठिपके आले. मला दाखवायलाही ती आली नाही. मीच पाहिले, आणि मीच बोलले नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी तिला गारफिल्ड पार्कच्या काचघरात घेऊन गेले. हेतू स्वच्छ नव्हता, मला पुरावा हवा होता. येन्स येन्सनने आखलेलं हे काचघर 1908 साली उघडलं. बाहेरून छपरं गवताच्या गंजीसारखी गोल दिसतात. आत शिरल्याबरोबर आईचा चष्मा धुकाळला. तो पुसून ती समोर पाहत राहिली. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत केळ, ऊस, नेचे, नारळाचे भाऊबंद. शिकागोत आल्यापासून पहिल्यांदाच तिने गळ्याचा मफलर काढला.

"बघ," मी म्हणाले. "शंभराहून जास्त वर्षं ही झाडं शिकागोत जागी आहेत."

"काच बघ केवढी आहे." तिने मान वर केली. "आणि हवा बघ, दमट. हे घर झाडांसाठी बांधलंय, माणसं इथे पाहुणी. तुझ्या घरात तू राहतेस आणि झाडं पाहुणी. खिडकी चार फुटांची नि हट्ट काचघराचा!"

ती दमट हवेबद्दल बोलली त्यात तथ्य होतं. उणे दहा-पंधराची हवा मुळात कोरडी, ती हीटरने तापवली की आणखी कोरडी. आमच्या बैठकीत आर्द्रता 22 टक्क्यांवर असते, ओठ फुटतात तशी कॅलेथियाची पानं कडेने फाटतात. मी रोज सकाळी बाटलीने फवारा मारायचे. तो फवारा दहा मिनिटांत उडून जातो. खरं सांगायचं तर फवारणं हा झाडापेक्षा माणसाचा विरंगुळा आहे. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या तर थोडा फरक पडतो, आणि हवा दमट करायचं मशीन लावलं तर खरा फरक पडतो. कोरड्या हवेचा आवडता पाहुणाही आईनेच ओळखला. कॅलेथियाच्या पानाखाली पांढरा कागद धरून तिने पान टिचकीने झटकलं. कागदावर मिरपुडीसारखे कण पडले आणि चालू लागले.

"लाल कोळी. इथेही आलाच का हा?" तिच्या आवाजात जवळजवळ आपुलकी होती. द्राक्षावर आयुष्यभर ज्याच्याशी झुंजली तो ओळखीचा माणूस शिकागोत भेटावा तसं. कॅलेथिया न्हाणीघरात गेलं, पानांची पाठ साबणाच्या पाण्याने पुसून कोमट पाण्याखाली धुतली, आठवड्याच्या अंतराने तीनदा. औषध नाही. ह्यावर आमचं एकमत झालं, म्हणून जास्त लिहीत नाही.

कढीपत्ता मात्र तसाच. जानेवारीच्या शेवटी कुंडीभोवती चिलटं फिरू लागली आणि एक रविवार आम्ही दोघी जमिनीवर जुनी चादर पसरून बसलो. चौदा इंची कुंडी आडवी केली, आईने बुडाला थापट्या मारल्या, मी खोड धरून ओढलं. गोळा बाहेर आला आणि खोलीत पावसाळ्यात तुंबलेल्या मोरीचा वास पसरला. खालची अर्धी माती काळी, चिखल. आईने एक मूळ चिमटीत धरून ओढलं. वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली, आत नुसता दोरा राहिला. दुसरं ओढलं, तेच. तिसरं, तेच.

मी काही बोलले नाही. बुधवार आणि रविवार, साडेतीन महिने. मीच माझ्या हातांनी ते बुडवलं होतं, आणि ते सुकतंय असं समजून आणखी पाणी घालत होते. पाणी कमी पडलेलं झाड आणि पाणी जास्त झालेलं झाड वरून अगदी सारखं दिसतं. दोघांनाही वर पाणी पोचत नाही.

आई बोटांनी गोळ्याच्या वरच्या कडेची माती सोडवत होती. मग थांबली. "इकडे ये."

कडेला, कुंडीच्या भिंतीलगत, शेवयांएवढ्या जाडीच्या तीन-चार मुळ्या. टोकं पांढरी. नाशिककडे बागाईतदार एकमेकांची खुशाली विचारावी तसं विचारतात, पांढरी मुळी चालतेय का? लहानपणी मला ते हास्यास्पद वाटायचं.

"आहे," ती म्हणाली.

कुजलेलं सगळं कात्रीने कापलं. उरलं ते नारळाएवढं. त्याला चौदा इंची कुंडी म्हणजे पोराला बापाचा सदरा, म्हणून आठ इंची घेतली. एरवी हिवाळ्यात कुंडी बदलू नये हे मलाही माहीत होतं आणि तिलाही, पण सडत ठेवण्यापेक्षा बरं. नव्या मातीत मी पर्लाइट मिसळलं. आईने त्याला आधी नाक मुरडलं, थर्माकोल म्हणाली. मग मूठभर मिश्रण हातात घेऊन आवळलं. लाडू झाला. अंगठ्याने दाबला, फुटला.

"हा वाफसा," ती म्हणाली. "ओल आहे, पण हवाही आहे. बोटाचं दुसरं पेर मातीत घाल. असं लागलं तर पाणी नको. कोरडं, भुगा लागलं तर वाटीभर दे. वार कुठला ते बघू नकोस."

कुंडी जिन्यात गेली. त्या दिवशी मी वाद घातला नाही, कारण उरलेल्या चार मुळ्यांवर पानं पोसायला सांगणं मलाही जड गेलं. पाणी कमी आणि जागा गार, तर झाड झोपतं. पाणी, ऊब आणि उजेड तिन्ही भरपूर, तर जागतं. दोन्ही वाटांनी लोक इथे कढीपत्ते जगवतात, मी पाहिलेत. माझं झाड दोन्हींच्या मधोमध उभं होतं. दिवा शेंड्यावर वीतभर, पण तोवर पानं गळालेली. अंगाला हीटर आणि पायाशी गारठलेला चिखल.

"दिवा तुळशीला राहू दे," जाण्यापूर्वी आई म्हणाली, एवढंच तिने सोडलं. तुळस फार काळ टिकणार नाही हेही म्हणाली. खोड लाकडाळलंय, मंजिऱ्या खुडत राहा, थोड्या वाळवून बी ठेव, वैशाखात नवी लाव. मला वाटलं होतं, जिचं लग्न लावलं ती तुळस बदलायची म्हटल्यावर ती हळहळेल. पण शेतकऱ्याच्या घरात बी ठेवलं की हळहळ संपते.

फेब्रुवारीच्या मध्यावर ती गेली. द्राक्षाचा माल काढायला आला होता.

दहा दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. मागे क्रेटचे थर, मजुरांचे आवाज. "झाड दाखव," हे पहिलं वाक्य.

मी फोन कढीपत्त्यासमोर धरला. काटक्या तशाच.

"पान बघू नको. नख लाव. बुडापासून वीतभर वर, हलकं."

नखाने करडी साल खरवडली. खाली ओलसर, पोपटी हिरवं. फोन जवळ नेला.

"वरती?"

वर हातभर गेल्यावर तपकिरी, कोरडं.

"जिथे हिरवं संपतं तिथून बोटभर खाली छाट. आत्ता नको, आधी डोळा फुगू दे." मग ती जरा थांबली. "हे जिन्यात नाहीये. मागे वीट दिसत नाही."

"आई, आज इथला दिवस जवळजवळ 11 तासांचा आहे. निफाडला डिसेंबरात एवढाच असतो."

पलीकडे कुणीतरी वजनकाट्याचा आकडा ओरडून सांगितला. तिने तो ऐकला, लिहून घेतला असावा.

"पाणी?"

"वाटीभर. परवा. पेर घालून बघितलं."

"कोमट?"

"कोमट."

"आणि दिवा?"

मी फोन जरासा डावीकडे वळवला, जिथे नुसती खिडकी होती.